टर्मिनलवरून गेम सर्व्हर चालवताय? या चुका टाळा

उन्हाळ्यात खानदेशात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. तरी पोरं काय करतात, तर एसएसएचनं (दूरच्या मशीनवर कमांड चालवायची सुरक्षित वाट) लॉगिन होतात, माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरची जावा कमांड तिथंच मारतात आणि ती खिडकी तशीच उघडी ठेवून खेळायला बसतात. म्हणजे सगळ्यांचा खेळ एकाच्या घरच्या राउटरवर टांगलेला.

चोपड्याच्या एका पोराचं ऐका. मित्रांनी वर्गणी काढून मुंबईतलं मशीन भाड्यानं घेतलेलं. रात्री ऐन रंगात याची लाइट गेली. अशा वेळी खेळ लगेच बंद पडत नाही, कारण कनेक्शन तुटल्याचा तिकडच्या मशीनला बराच वेळ पत्ताच नसतो. बाकीचे मजेत खेळत होते. यानं मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पुन्हा लॉगिन केलं, समोर कोरा प्रॉम्प्ट (कमांड लिहायची रिकामी ओळ) दिसला, म्हणून सर्व्हर दुसऱ्यांदा चालू केला. पोर्ट, म्हणजे सर्व्हरचा नेटवर्कवरचा दरवाजा, आधीच वापरात असल्याचा एरर आला. तो वाचला असता तर तिथंच निभावलं असतं. पण वाचायला वेळ कोणाला आहे? त्यानं चालू असलेल्या सर्व्हरवर सरळ 'किल -९', म्हणजे जबरदस्तीनं बंद करायची कमांड, मारली, आणि मग मला फोन: "भाऊ, सर्वर बंद पडी गया, आते काय करू?"

'किल -९'मध्ये प्रोसेसला आवराआवर करायला क्षणही मिळत नाही. माइनक्राफ्ट साधारण दर ५ मिनिटांनी आपणहून सेव्ह करतं. त्यानंतरचं खेळलेलं तर गेलंच, वर फाइल अर्धवट लिहिली गेली असेल तर तेवढा भाग खराब होतो. यांच्या किल्ल्याची एक बाजू गेली आणि तिथं नवी कोरी जमीन उगवली. नुसतं 'किल' दिलं असतं तरी सर्व्हर जग सेव्ह करून बंद झाला असता. कन्सोलमध्ये, म्हणजे सर्व्हरला हुकूम देतो त्या खिडकीत, 'स्टॉप' लिहिणं त्याहून बरं. मोठं जग सेव्ह व्हायला वेळ लागतो, तेवढा धीर धरा.

माझी सवय अशी: लॉगिन झालो की आधी टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी आतलं काम चालू ठेवणारा प्रोग्राम), मग त्याच्या आत सर्व्हर. बाहेर पडताना कंट्रोल-बी, मग डी. लाइट जावो नाहीतर लॅपटॉप बंद पडो, परत येऊन 'टीमक्स अटॅच' केलं की कन्सोल जिथल्या तिथं. बाहेर पडायला कंट्रोल-सी मात्र दाबू नका, त्यानं सर्व्हरच बंद होतो. सिस्टमडी, म्हणजे लिनक्समध्ये सेवा चालू-बंद करणारी व्यवस्था, जास्त शिस्तीचं आहे, मशीन रीबूट झालं तरी सर्व्हर आपोआप उठतो. पण ज्याला अजून लॉग (सर्व्हरनं लिहिलेल्या नोंदी) वाचायचा कंटाळा आहे, त्यानं आधी टीमक्स शिकावं.

दुसरा माझा राग आरकॉनवर (सर्व्हरला दुरून हुकूम द्यायची सोय), म्हणजे तो वापरणाऱ्यांवर. व्हिडिओ बघून २५५७५ पोर्ट साऱ्या जगाला उघडा करायचा आणि पासवर्ड ठेवायचा गावाचं नाव. आरकॉनमध्ये एन्क्रिप्शन नसतं, पासवर्डसुद्धा उघडाच जातो. फायरवॉलमध्ये एसएसएचचा पोर्ट आणि खेळाचा २५५६५ एवढेच खुले ठेवा. आरकॉन हवंच असेल तर एसएसएचच्या टनेलमधून, म्हणजे त्याच सुरक्षित कनेक्शनच्या आतून, '-L' पर्याय देऊन, आपल्या मशीनवर ओढा. एमसीआरकॉनला (आरकॉनवर हुकूम पाठवणारा प्रोग्राम) पासवर्ड कमांडमध्येच देऊ नका, तो टर्मिनलच्या हिस्टरीत राहतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्या.

रूटनं, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरनं, सर्व्हर चालवू नका. वेगळा युजर करायला मिनिट लागतं.

४ जीबी मेमरीच्या मशीनवर जावाला ४ जीबी देऊ नका. मशीन चालवणाऱ्या लिनक्सलाही जगायचंय. मी अडीचवर थांबतो.

चालू सर्व्हरचा फोल्डर तसाच कॉपी केला तर तो बॅकअप भरवशाचा नाही. आधी 'सेव्ह-ऑफ' (आपोआप सेव्ह थांबवायला), मग 'सेव्ह-ऑल फ्लश' (सगळं डिस्कवर लिहायला), मग कॉपी, शेवटी 'सेव्ह-ऑन'. हे शेवटचं हमखास विसरतात, म्हणून मी चारही पायऱ्या एका स्क्रिप्टमध्ये ठेवतो.

आणि क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) लावण्याआधी 'डेट' कमांड मारून मशीनची वेळ बघा. भाड्याची मशीन बहुतेक यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या वेळेवर, असतात. संध्याकाळी ६ला रीस्टार्ट लावलात तर आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतील, आणि सगळे तेव्हाच खेळत असतात.