टर्बो इंजिन लवकर खराब करणाऱ्या या चुका टाळा

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. त्याचा शाफ्ट (दांडा) मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरू शकतो आणि बहुतेक गाड्यांत तो तरंगतो ऑइलच्या पातळ थरावर. त्यामुळे टर्बो जपायचा म्हणजे आधी ऑइल जपायचं.

सगळ्यात नेहमीची चूक: भरधाव येऊन किंवा मोठा चढ चढून लगेच इंजिन बंद करणं. पेट्रोल इंजिनात टर्बाइनपाशी (एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकापाशी) एक्झॉस्टचं तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं. इंजिन थांबलं की ऑइल फिरायचं थांबतं, आत राहिलेलं ऑइल करपतं आणि त्याची कडक खपली धरते. शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू चालवा; ते जमलं नाही तर एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवा. रमतगमत आलेल्या गाडीला याची गरज नाही. बंद केल्यावर बॉनेटखालून पंप किंवा पंख्याचा आवाज आला तर घाबरू नका, काही गाड्यांत टर्बो गार करायला तशीच सोय असते.

थंड इंजिनावर जोर देणंही तितकंच वाईट. तापमानाचा काटा बहुधा कूलंटचा असतो. ऑइल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो.

ऑइल घेताना नुसता ५डब्ल्यू-३० हा घट्टपणाचा आकडा बघू नका, मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन जुळवा. वरच्या गिअरमध्ये, १५०० आरपीएमला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तर डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल इंजिनात मिश्रण अवेळी पेटून पिस्टन फुटू शकतो. २०२० साली आलेल्या एपीआय या अमेरिकी संस्थेच्या एसपी या ऑइल दर्जात या धोक्याची चाचणी आहे. तरी गिअर खाली घ्या, तोच खरा उपाय. सतत छोट्या फेऱ्या होत असतील तर ऑइल मुदतीआधी बदला. एअर फिल्टरची हयगय नको. आत गेलेली धूळ कॉम्प्रेसरची (टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या चाकाची) पाती झिजवते.

आता लक्षणं. काळा धूर, ओढ कमी आणि जोर दिल्यावर फुस्स आवाज, तर आधी इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली हवा गार करणाऱ्या जाळीचे) पाइप आणि क्लॅम्प तपासा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनाच्या खालच्या भागातली वाफ बाहेर सोडणारी नळी) किंवा टर्बोचा ऑइल रिटर्न पाइप तुंबला तरी हेच होतं, म्हणून टर्बो उतरवण्याआधी ते बघून घ्या. सायरनसारखा आवाज वाढत चालला तर मात्र गाडी पुढे नेऊ नका.

टर्बो बदलावाच लागला तर ऑइलची फीड लाइनही (टर्बोला ऑइल पुरवणारी नळी) नवीनच टाकायला सांगा. जुनी तुंबलेली लाइन तशीच जोडली, तर नवा टर्बोही ऑइलविना जातो.