सोसायटीचं पाणी वाचवायचंय? आधी टाकीत काठी घाला

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी कित्येक सोसायट्यांत एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. जांभ्या दगडात मुरलेलं पाणी टिकत नाही, उताराने निघून जातं. त्यामुळे बचतीची तयारी दिवाळीतच, विहीर भरलेली असताना करावी. मे महिन्यात फक्त भांडणं होतात.

पाणी वाचवणारी साधनं घेण्याआधी गळती मोजा. रात्री अकराला पंप बंद करून गच्चीवरच्या टाकीत काठी उभी धरा आणि ओल किती सेंटिमीटरपर्यंत आली ते लिहा. पहाटे साडेचारला पुन्हा मोजा. टाकीचा तळ २ मीटर × २ मीटर असेल, तर १ सेंटिमीटर म्हणजे ४० लिटर. पातळी ५ सेंटिमीटर उतरली तर २०० लिटर गेले. रात्रीच्या तीन फ्लशचे ३० वजा करा. उरलेल्या १७० लिटरच्या हिशेबाने दिवसाला सातशेहून जास्त लिटर वाया जातात. शहरी पाणीयोजनेत माणशी १३५ लिटर धरतात, म्हणजे हे पाच माणसांचं पाणी झालं!

चोर बहुधा फ्लशच्या टाकीत सापडतो. तिच्यात खायचा रंग टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचं रबर गळतंय. लगेच बदलू नका; त्याखाली तांबडा गाळ बसलेला असतो, तो आधी पुसा. तरीही गळलं तर रबर कडक झालंय, नवं घाला. जुन्या १० लिटरच्या फ्लश टाकीत पाण्याने भरलेली १ लिटरची बाटली ठेवा, म्हणजे दर फ्लशला तेवढं पाणी कमी लागेल. जांभ्याचा तुकडा किंवा वीट नको. झिजून भुगा होतो आणि तोच रबराखाली अडकतो.

एरेटर (धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडणारी, नळाच्या तोंडाची जाळी) लावायचा तो बेसिन आणि सिंकच्या नळाला. बादलीच्या नळाला लावून काही वाचत नाही, बादली तेवढीच लागते, नुसता वेळ जातो. गच्चीच्या टाकीखालच्या मजल्यावर दाब कमी असतो. तिथे फार बारीक धारेचा बसवला तर लोक दोन दिवसांत काढून टाकतात. तिथे मिनिटाला ६ लिटरचा घ्या. बोअरचं पाणी जड असेल तर जाळीवर क्षार धरतात. दर दोन महिन्यांनी ती तासभर व्हिनेगरमध्ये बुडवून ब्रशने घासा.

खाडीकाठच्या सोसायटीने विहिरीचा पंप सलग चालवू नये. थांबून-थांबून उपसा करा. पाणी मचूळ लागलं की उपसा लगेच कमी करा, नाहीतर खारं पाणी आत ओढलं जातं.