मनिला रोड ऐकायचा कसा, कुठून सुरू करायचा

मनिला रोड पहिल्या अल्बमपासून क्रमाने ऐकायला घेऊ नका. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात, विचिटा शहरात १९७७ साली हा बँड सुरू झाला. पण १९८० चा 'इन्व्हेजन' आणि १९८२ चा 'मेटल' यांवर सत्तरच्या दशकातल्या हार्ड रॉकचाच ठसा जास्त आहे. एपिक मेटल, म्हणजे पुराणं-युद्धांच्या कथा सांगणारं हेवी मेटल, शोधत आलेला माणूस तिथेच कंटाळतो. हे दोन्ही मागाहून ऐका.

सुरुवात १९८३ च्या 'क्रिस्टल लॉजिक'ने करा, आणि हेडफोन लावूनच. गिटार आणि गायन मार्क शेल्टन, बेस स्कॉट पार्क, ड्रम रिक फिशर, एवढीच तीन माणसं. शेल्टन सोलोत शिरला की गाण्याचा बराचसा भार बेसवर येतो. फोनच्या स्पीकरवर बेस गळतो आणि सोलो अधांतरी वाटायला लागतो. बेस बूस्ट मात्र बंद ठेवा. जुनं रेकॉर्डिंग त्याने आणखी गढूळ होतं.

खरी अडचण शेल्टनच्या आवाजाची. तो नाकातून येतो, कोरडा आहे. रॉनी जेम्स डिओ या मेटल गायकासारखी भरारी ऐकायच्या तयारीने बसलात तर हिरमोड होईल. शेल्टन कथा सांगतो, म्हणून शब्द समोर ठेवून ऐका. 'नेक्रोपोलिस' जेमतेम तीन मिनिटांचं आहे, ते लागोपाठ दोन-तीनदा लावा. कान सरावला की थेट शेवटच्या, दहा मिनिटांच्या 'ड्रीम्स ऑफ एस्केटन'वर जा. मधलं 'फीलिंग फ्री अगेन' पहिल्या वेळी गाळलंत तरी चालेल. ते या अल्बममध्ये उपरंच वाटतं.

पुढचा टप्पा १९८५ चा 'ओपन द गेट्स'. फिशरच्या जागी रँडी फॉक्स आला आणि ड्रम एकदम दाट झाले. फ्रान्सच्या ब्लॅक ड्रॅगन कंपनीने तो काढला. १९८६ च्या 'द डेल्यूज'मध्ये वेग वाढला, थ्रॅशची, म्हणजे अतिवेगवान मेटलची, धार आली. त्याचं शीर्षकगीत तीन भागांत आहे, ते मध्ये तोडू नका. १९८७ च्या 'मिस्टिफिकेशन'आधी एडगर अ‍ॅलन पोची 'मास्क ऑफ द रेड डेथ' ही छोटी कथा वाचून घ्या. त्याच नावाचं गाणं मग दुप्पट भिडतं.

१९९० च्या 'द कोर्ट्स ऑफ केऑस'नंतर बँड थांबला. १९९२ चा 'सर्कस मॅक्सिमस' म्हणजे शेल्टनचा दुसऱ्या वादकांसोबतचा प्रकल्प, कव्हरवर नाव तेवढं मनिला रोडचं पडलं. त्यावरून बँडची परीक्षा करू नका.

२००१ च्या 'अटलांटिस रायझिंग'पासून २७ जुलै २०१८ ला शेल्टनचा मृत्यू होईपर्यंत बँड पुन्हा सुरू राहिला. या काळात ब्रायन पॅट्रिकही गायला. या पर्वातला २००५ चा 'गेट्स ऑफ फायर' चुकवू नये असा आहे. त्यात तीन कथा आहेत आणि प्रत्येकीला तीन गाणी. शफल बंद करा आणि एका बैठकीत एकच कथा ऐका. नऊ गाणी सलग ऐकली तर शेवटच्या कथेपर्यंत, म्हणजे स्पार्टन योद्ध्यांच्या थर्मोपिलीच्या लढाईपर्यंत, पोचेस्तोवर कान थकलेला असतो, आणि अल्बमचा सगळ्यात जड भाग तोच आहे.