ॲक्शन आणि सायफाय पाहताना मी काय पाहते

ॲक्शन सिनेमा संपला की मी स्वतःला एक प्रश्न विचारते: शेवटच्या मारामारीत दार कुठल्या बाजूला होतं? उत्तर लगेच आलं, तर ती मारामारी मी खरंच पाहिली. नाही आलं, तर माझ्यापर्यंत नुसता आवाज आणि हालचाल पोचली. सायफायसाठी प्रश्न वेगळा: या सिनेमाने माझ्याकडून एकच अशक्य गोष्ट मान्य करून घेतली, की कथा अडली तशी दर वेळी नवी? हे दोन प्रश्न हाताशी ठेवले की सिनेमा आवडला का, आणि का आवडला, हे बऱ्यापैकी नीट सांगता येतं.

मी सांगलीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. सोमवारी वर्गातली पोरं शनिवार-रविवारी पाहिलेल्या सिनेमांच्या गप्पा घेऊन येतात. ‘मॅडम, तो पाहिला का?’ असं विचारतात आणि माझं मत ऐकायला थांबतात. त्यांच्याशी बोलता बोलता ही पद्धत बसत गेली. ती इथे मांडते.

पाहण्याआधीची तयारी फार नाही. ट्रेलर पाहू नका. हल्ली त्यात शेवटच्या अर्ध्या तासातले शॉट्स असतात आणि मग पडद्यावर आपण ते येण्याची वाट बघत बसतो. घरी पाहत असाल तर हेडफोन लावा. मोबाइलवर पाहिलात तरी चालेल, पण मग दृश्यांच्या भव्यतेबद्दल मत देऊ नका, कारण ती तुम्ही पाहिलेलीच नाही.

आता ॲक्शन. यासाठी एक प्रयोग आहे, तो करूनच बघा. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ (२०१५) लावा आणि वाळवंटातल्या पाठलागाचा कुठलाही भाग निवडा. तुमची नजर पडद्यावर जिथे आहे तिथे बोट धरा. शॉट बदलला की बघा, नव्या शॉटमधली महत्त्वाची गोष्ट बोटापासून किती लांब आहे. बहुतेक वेळा ती बोटाखालीच सापडेल. हे ठरवून केलेलं आहे. दिग्दर्शक जॉर्ज मिलरनी छायाचित्रकार जॉन सील यांना सांगून ठेवलं होतं की मुख्य गोष्ट चौकटीच्या मधोमध ठेवा. नामिबियात चित्रीकरण झालं, सुमारे ४८० तासांचं फुटेज जमलं आणि संकलक मार्गारेट सिक्सेल यांनी त्यातून दोन तासांचा सिनेमा कापून काढला. त्यात सुमारे २,७०० कट आहेत. म्हणजे सरासरी तीन सेकंदही एक शॉट टिकत नाही, तरी डोकं गरगरत नाही, कारण डोळ्याला शोधाशोध करावी लागत नाही. सिक्सेल यांना त्या संकलनासाठी ऑस्कर मिळालं. माझ्या मते त्या वर्षीचा तो सगळ्यात योग्य पुरस्कार होता.

हाच प्रयोग मग तुम्ही नुकत्याच पाहिलेल्या सिनेमावर करा. बोट पडद्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात धावत असेल, तर तुमचा कंटाळा खरा होता आणि त्याचं कारणही तुम्हाला सापडलं. ‘एडिटिंग खराब आहे’ असं मोघम म्हणण्यापेक्षा ‘कोण कुठे उभा आहे तेच कळत नव्हतं’ हे वाक्य ऐकणाऱ्याच्या जास्त उपयोगाचं.

दुसरी गोष्ट, कॅमेरा किती लांब उभा आहे ते बघा. नटाला लढता येत नसेल तर कॅमेरा जवळ येतो, हलतो आणि ठोसा लागायच्या क्षणी शॉट बदलतो. नटाने मेहनत घेतली असेल तर दिग्दर्शकाला ती दाखवायची असते, म्हणून कॅमेरा मागे सरकतो आणि थांबतो. ‘जॉन विक’ (२०१४) असा दिसतो त्याचं कारण उघड आहे. त्याचे दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की स्वतः स्टंटमन. ‘द मेट्रिक्स’मध्ये (१९९९) ते कियानू रीव्ह्ज यांच्या जागी स्टंट करत होते. समोरच्या माणसाचं शरीर काय करू शकतं हे त्यांना अंगाने माहीत आहे. इंडोनेशियातला ‘द रेड’ (२०११) याच गुणामुळे मला आजही ताजा वाटतो. एक इमारत, तिचे मजले, अरुंद कॉरिडॉर, आणि पेंचाक सिलाट ही तिथलीच युद्धकला. त्यातला एकेक मजला माझ्या लक्षात आहे.

आणि आता ज्याच्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे तो ‘किल’. निखिल नागेश भट यांचा हा हिंदी सिनेमा २०२४ मध्ये आपल्याकडे लागला. दिल्लीकडे निघालेली रात्रीची गाडी, दरोडेखोरांची टोळी आणि एक कमांडो. ॲक्शनची आखणी कोरियाचे से-यंग ओह आणि आपले परवेज शेख यांची. ज्याने आयुष्यात एकदा तरी महालक्ष्मी एक्स्प्रेसचा रात्रीचा प्रवास केलाय त्याला डब्यातली मधली वाट किती रुंद असते हे सांगावं लागत नाही. समोरून चहावाला आला तरी आपण आडवे होतो. त्या रुंदीत हे लोक लढतात. हात पूर्ण मागे नेऊन ठोसा मारायला जागाच नाही, म्हणून मारामारी कोपर, गुडघा आणि हाताला लागेल त्या वस्तूची होते. वरचा बर्थ, पडदा, शौचालयाचं दार, दोन डब्यांमधली हलती जागा, सगळं वापरलं जातं. दार कुठे होतं हा माझा प्रश्न इथे गैरलागू ठरतो, कारण प्रेक्षकाला तो डबा आधीपासून पाठ आहे. दिग्दर्शकाने या ओळखीचा पूर्ण फायदा घेतलाय.

पण ‘किल’ माझ्या मनात राहिला तो दुसऱ्या कारणाने. त्यातले दरोडेखोर एकमेकांचे नातेवाईक आहेत. काका, भाऊ, मुलगा, पुतण्या. कमांडोच्या हातून एक मेला की पलीकडे कुणीतरी हंबरडा फोडतं. एरवी अशा सिनेमात खलनायकाची माणसं मरतात ती मोजायलासुद्धा कुणी थांबत नाही. इथे प्रत्येक मरणाला पलीकडच्या बाजूला दुःख आहे, आणि त्या दुःखातून पुढचा राग येतो. सिनेमा बराच पुढे गेल्यावर एक घटना घडते आणि तेव्हा कुठे सिनेमाचं नाव पडद्यावर येतं. तिथून पुढे मला नायकाचीही भीती वाटायला लागली. रक्तपात खूप आहे. माझ्या आईला मी हा दाखवणार नाही आणि बारावीच्या पोरांनाही सुचवत नाही, पण मोठ्यांना जरूर सांगते.

म्हणून ॲक्शनचा तिसरा प्रश्न: मार लागल्यावर पुढे काय होतं? पुढच्या दृश्यात माणूस लंगडतो का, दमतो का? ‘मिशन इम्पॉसिबल: फॉलआउट’च्या (२०१८) वेळी लंडनमध्ये एका इमारतीवरून दुसरीवर उडी घेताना टॉम क्रूझ यांचा घोटा मोडला, आणि तोच शॉट सिनेमात ठेवलाय. ते स्वतःला वर ओढून घेतात आणि लंगडत पुढे जातात. स्टंट खरा होता एवढ्याने मी सिनेमाला गुण देत नाही. पण त्या लंगडण्यात जे दिसतं ते मला प्रत्येक मारामारीत हवं असतं, मग ते खरं असो वा अभिनयातलं.

सायफायकडे वळते. इथे लोक, विशेषतः विज्ञान शिकलेले, एक गोष्ट हमखास करतात: चुका मोजतात. तसं करू नका. चूक आणि सवलत वेगळ्या काढायला शिका. ‘द मार्शियन’मध्ये (२०१५) सुरुवातीचं वादळ यान कलंडवेल इतकं जोरदार आहे. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या जेमतेम एक टक्का, तिथला वारा असं काही करू शकत नाही. पण त्या वादळाशिवाय नायक मागे राहत नाही, आणि तो मागे राहिल्यावर पुढचा सिनेमा पाणी, बटाटे आणि उष्मांक यांचा हिशोब मन लावून करतो. ही सवलत मी आनंदाने देते. सुरुवातीला मागितलेली सवलत चालते. शेवटी, नायक अडकल्यावर मागितलेली चालत नाही.

या बाबतीत माझा आदर्श ‘इंटरस्टेलर’ (२०१४). २०२५ च्या फेब्रुवारीत तो आपल्याकडे आयमॅक्सला पुन्हा लागला तेव्हा मी पुण्याला जाऊन पाहिला. सिनेमा आधी तुमच्याकडून एक वर्महोल, म्हणजे अवकाशातल्या दोन लांबच्या जागा जोडणारा बोगदा, मान्य करून घेतो. मग पाण्याच्या ग्रहाचा नियम सांगतो: इथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. ही कल्पना हवेतली नाही. सिनेमाचे विज्ञान-सल्लागार, भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनी गणित केलं, आणि कृष्णविवर अतिप्रचंड वेगाने स्वतःभोवती फिरत असेल आणि ग्रह त्याच्या अगदी जवळ असेल तर हे शक्य आहे असं त्यांना आढळलं. याच थॉर्न यांना २०१७ मध्ये गुरुत्वीय लहरींसाठीच्या लायगो प्रकल्पाबद्दल नोबेल विभागून मिळालं. त्याच लायगोची भारतातली वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला उभी राहायची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने तिला मंजुरी दिली. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंही मान वर करतात.

पण नियम बरोबर आहे म्हणून सिनेमा चांगला, असं माझं म्हणणं नाही. नियमाची किंमत कुणीतरी मोजतं, म्हणून तो चांगला. ग्रहावरून परतल्यावर नायक कूपर यानात बसून तेवीस वर्षांचे साठलेले निरोप बघतो. मुलं त्याच्या डोळ्यांसमोर मोठी होत जातात. सापेक्षता मी दर वर्षी समजावून सांगते, पण त्या दृश्यात ती समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसते. शेवटी कृष्णविवराच्या आत जे घडतं ते मात्र मला आजही पूर्ण पटत नाही. तिथे सिनेमा दुसरी मोठी सवलत मागतो. हेही मी मुलांना सांगते. आवडत्या सिनेमातलं न पटलेलं सांगितलं नाही, तर तुमच्या कौतुकावर कोण विश्वास ठेवणार?

आवाजाकडे लक्ष देण्यासाठी ‘ग्रॅव्हिटी’ (२०१३) घ्या. हेडफोन लावा आणि पहिला अपघात डोळे मिटून ऐका. अवकाशात हवा नाही, म्हणून स्फोटाचा आवाज नाही. ऐकू येतं ते संगीत, रेडिओवरचं बोलणं, श्वास आणि हातमोजा कशाला टेकला तर त्याची दबलेली थरथर. एवढी शिस्त पाळूनही भीती कमी होत नाही, उलट वाढते.

उलट उदाहरण ‘टेनेट’ (२०२०). मुंबईत चित्रीकरण झालेला, डिंपल कपाडियांची ठसठशीत भूमिका असलेला, खरं ७४७ विमान इमारतीत घुसवलेला सिनेमा. कॉरिडॉरमधली मारामारी एकदा या बाजूने आणि नंतर काळाच्या उलट बाजूने दिसते, ती अप्रतिम आहे. पण संवाद आवाजाखाली गाडले गेलेत, आणि नियम समजून घेण्यात माझी सगळी शक्ती गेल्यावर माणसांसाठी काही उरलं नाही. मी तो सुचवते, पण सबटायटल लावूनच.

पैसा कमी म्हणून दृश्यं कच्ची, हे कारण तर आता कुणी देऊच नये. ‘गॉडझिला मायनस वन’ (२०२३) दीड कोटी डॉलरपेक्षाही कमी खर्चात झाला. ३५ जणांनी मिळून ६१० व्हीएफएक्स (संगणकावर घडवलेल्या दृश्यांचे) शॉट्स केले आणि ऑस्कर जिंकलं. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी स्वतः त्या कामाचे प्रमुख. युद्धात मरायला पाठवलेला आणि जिवंत परतलेला एक वैमानिक, बेचिराख टोकियो, आणि त्यावर गॉडझिला या महाकाय प्राण्याचं संकट. प्राणी पडद्यावर नसतानाही मी त्या माणसांसाठी थांबून होते. मी नुकत्याच पाहिलेल्या सायफायपैकी हाच सगळ्यात जवळचा.

मत सांगताना एक दृश्य सांगा, ते का लक्षात राहिलं ते सांगा, आणि कुणी पाहू नये तेही सांगा. एवढं पुरे. तारे देऊ नका. साडेतीन ताऱ्यांवरून कुणाला काही कळत नाही. मध्यंतरानंतरचं काही उघड करू नका. सिनेमा संपल्या संपल्या लिहू नका, रात्र जाऊ द्या. सकाळी जे दृश्य आपोआप आठवतं त्याबद्दल लिहा.

माझा भाचा ‘ड्यून: पार्ट टू’ (२०२४) पाहून आला तेव्हाचं बोलणं असं झालं:

‘मावशी, कडक आहे!’

‘कुठलं दृश्य?’

‘ते काळं-पांढरं. खलनायकाच्या ग्रहावरचं मैदान.’

‘तिथेच रंग का गेला असेल?’

तो थोडा थांबला. ‘तिथला सूर्य काळा आहे. त्यामुळे बाहेर रंग उरतच नाही. आत गेले की रंग परत येतो.’

हे त्याने स्वतः पाहिलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याला एवढीच भर घातली की छायाचित्रकार ग्रेग फ्रेझर यांनी तो भाग इन्फ्रारेड कॅमेऱ्याने टिपला, म्हणून कातडी तशी मेणासारखी, निर्जीव दिसते. त्याने मित्रांच्या ग्रुपवर लिहिलं: ‘मैदानाच्या सीनसाठी थिएटरातच बघा. आवाज छातीत वाजतो. पहिला भाग पाहिला नसेल तर आधी तो बघा, नाहीतर नावांत अडकाल. ज्यांना दर दहा मिनिटांनी मारामारी लागते त्यांनी थांबावं.’ दोन मित्रांनी त्याच आठवड्यात तिकिटं काढली आणि तिसऱ्याने आधी पहिला भाग लावला.