गव्हाळ-सावळ्या रंगावर ब्रॉन्झर लावताना

ब्रॉन्झर, म्हणजे चेहऱ्याला उन्हाची झाक देणारा तपकिरी रंग, आणि कॉन्टूर एकच समजून गालाखाली तपकिरी पट्टा ओढणं आधी बंद करा. कॉन्टूर सावली दाखवतं, म्हणून त्याचा रंग राखाडीकडे झुकतो. ब्रॉन्झर ऊन जिथं आधी पडतं तिथं लावायचा. फाउंडेशननं सपाट झालेल्या चेहऱ्यावर त्यानं पुन्हा जिवंतपणा येतो.

सगळा घोळ होतो तो शेड निवडताना. गेरलँ या फ्रेंच कंपनीनं १९८४ साली ‘टेराकोटा’ पावडर आणली ती उजळ कातडीवर उन्हाची झाक यावी म्हणून, आणि आजही बाजारातल्या पुष्कळ शेड त्याच हिशेबानं बनतात. आपल्याकडच्या रंगावर त्या दिसतच नाहीत, नाहीतर नारिंगी फासल्यासारख्या दिसतात. ‘आपल्यापेक्षा दोन शेड गडद घ्या’ हा सल्ला जो तो देतो. पण गडद किती यापेक्षा रंग झुकतो कुठं, ते बघायला हवं. गव्हाळ रंगाला सोनेरी तपकिरी चालतो. सावळ्या रंगाला लालसर, चॉकलेटीच्या जवळ जाणारा घ्या. राखाडी छटेचा लावलात तर चेहरा मळल्यासारखा दिसतो.

बेळगावात खडेबाजारात, गणपत गल्लीत कुठंही जा, टेस्टरची रेघ तुमच्या हाताच्या पाठीवर ओढली जाते. ती ओढू देऊ नका. हात रोज उन्हात असतो, त्याचा रंग चेहऱ्याचा नव्हे. रेघ जबड्याच्या कडेला, मानेपर्यंत ओढून घ्या. लगेच पैसे देऊ नका. दहा मिनिटं गल्लीत फिरा, म्हणजे कातडीचं तेल त्यात मुरेल. मग पांढऱ्या ट्यूबखाली न बघता बाहेर सावलीत उभं राहून आरशात बघा. बोटानं घासल्यावर रेघेची कड विरली आणि नुसती ऊब उरली, तर घ्या. कड तशीच दिसत असेल तर कितीही सूट असू दे, ठेवून द्या.

लग्नघरातल्या मुलींना खास सांगते: हळद लागल्यावर शेड निवडायला जाऊ नका. कातडी पिवळी असते, तेव्हा जुळलेला रंग हळद उतरल्यावर जुळत नाही. आणि चमकी असलेला ब्रॉन्झर नकोच. कॅमेऱ्याच्या लाइटखाली तो घामासारखा दिसतो.

पुढचं काम सोपं आहे. ब्रॉन्झर क्रीमचा असेल तर चेहऱ्याच्या पावडरच्या आधी लावा, पावडरचा असेल तर त्या पावडरनंतर. उलट केलंत तर डाग पडतात. खानापूरकडच्या पावसाळी दमट हवेत पावडर, थंडीत कातडी ओढते तेव्हा क्रीम.

मोठा, मऊ ब्रश घ्या, पावडरला टेकवा आणि डबीच्या कडेवर झटका. कपाळाच्या केसांलगतच्या कडेपासून सुरुवात करून गालाच्या हाडावर या, नाकावर ओझरता फिरवा, मग जबड्याच्या कडेनं खाली मानेवर उतरवा. मान सोडली की मुखवटा घातल्यासारखं दिसतं. मुंडावळ्या बांधायच्या असतील तर कपाळावर अगदी हलका हात ठेवा, कारण मोती घासून तिथं पट्टे उमटतात.

जास्त झालाच तर वरून पांढरी पावडर थापू नका, चेहरा राखाडी पडतो. फाउंडेशन लावलेला स्पंजच, आणखी काही न घेता, त्या जागी दाबत फिरवा.