एक्सएसएलटीमधून जावाची मेथड कशी बोलवायची

जळगावला केळीच्या व्यापाऱ्याचं बिल एक्सएमएलमधून एक्सएसएलटीनं (एक्सएमएलचं रूप बदलणारी भाषा, तिच्या फाइलला स्टाइलशीट म्हणतात) काढायचं होतं, खाली रक्कम अक्षरी पाहिजे, म्हणजे १२,५०० चं "बारा हजार पाचशे". मराठीत शंभरपर्यंत प्रत्येक आकड्याला वेगळा शब्द, ते स्टाइलशीटमध्ये लिहित बसलो असतो तर दिवाळी आली असती भो! म्हणून ते काम जावाला दिलं.

पहिले जावात क्लास करा, त्यात पब्लिक स्टॅटिक मेथड, घेणार डबल (दशांश चालणारा आकडा), देणार स्ट्रिंग (मजकूर). डबल का, तर एक्सएसएलटी १.० मध्ये नंबर डबलच असतो. मग स्टाइलशीटच्या वरच्या टॅगमध्ये नेमस्पेस द्या, सॅक्सनसाठी (हा स्टाइलशीट चालवणारा प्रोसेसर) "जावा", कोलन आणि पॅकेजसकट क्लासचं पूर्ण नाव. झालं, आता व्हॅल्यू-ऑफच्या सिलेक्टमध्ये त्या नेमस्पेसचा प्रिफिक्स, कोलन, मेथडचं नाव आणि कंसात रक्कम. रक्कम नंबर फंक्शनमधून काढूनच द्या.

फंक्शन सापडत नाही असा एरर आला की आधी क्लासपाथ (जावा क्लास जिथं शोधतं त्या जागांची यादी) बघा, माझं तिथंच अडकलं होतं. आणि सॅक्सनची फुकटची एचई आवृत्ती ही सरळ पद्धत चालू देत नाही, तिथं फंक्शन जावातून रजिस्टर करावं लागतं. जावासोबत येणाऱ्या प्रोसेसरमध्ये सिक्युअर प्रोसेसिंग चालू असेल तरी बाहेरचा कोड बंद असतो, सिक्युअर प्रोसेसिंग बंद करायचं तर स्टाइलशीट स्वतःचीच पाहिजे, दुसऱ्याने पाठवलेली अजिबात नको, कारण त्यातून तुमच्या मशीनवर काहीही चालवता येतं.