जुन्या किटवर गोल्फ शिकायला लाज वाटतेय? मग हे वाचा

सोलापुरात कुणाला सांगितलं की मी गोल्फ शिकतोय, तर समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, लॉटरी लागली का बे? त्यात किट सेकंडहँड असली की दोन्हीकडून पंचाईत. इथल्या मित्रांना वाटतं हा श्रीमंतांची नाटकं करतोय, आणि तिकडं पुण्यात रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, गेलं की आपल्यालाच वाटत राहतं की सगळे आपल्या बॅगेकडं बघतायत. पगार साधा, इच्छा मोठी आणि किट कुणाची तरी वापरलेली, अशा मधेच लटकलेल्या लोकांसाठी हे लिहितोय.

मी टेरी टॉवेलच्या कारखान्यात मर्चंडायझिंग बघतो. बाहेरच्या बायरच्या ऑर्डरीत गोल्फ टॉवेल असायचे, छोटे, कोपऱ्यात रिंग ठोकून हूक अडकवलेले. त्याचं जीएसएम (कापडाचं वजन) आणि शेड जुळवण्यात डोकं खपवायचो पण तो टॉवेल तिकडं नेमका पुसतो काय याचा कधी विचार केला नव्हता. मग २०२१ च्या ऑगस्टमधे टोकियो ऑलिम्पिकला आपली गोल्फपटू अदिती अशोकचा शेवटचा राऊंड आला, शनिवार होता, सकाळी सकाळी टीव्ही लावून बसलो, नियम निम्मे कळत नव्हते तरी उठवेना. ती चौथी आली, एका फटक्यानं मेडल हुकलं. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राचं गोल्ड आलं आणि सगळा देश तिकडं वळला, माझ्या डोक्यात मात्र ती पोरगीच राहिली. कारण ती काही लांब मारणाऱ्यांतली नव्हती, बाकीच्या तिच्या कितीतरी पुढं बॉल टाकत होत्या, आणि ही ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) पटरनं, म्हणजे बॉल हळू ढकलायच्या काठीनं, सगळा हिशोब पुरा करत होती. म्हटलं हे आपल्यासारख्याला जमण्यातलं आहे. (जमण्यातलं अजिबात नाही, पण तेव्हा वाटलं.)

किट घेतली पुण्यातल्या एका रिटायर्ड फौजी काकांकडून, हाफ सेट. बॅगेवर त्यांच्या नावाची अक्षरं भरतकाम केलेली, ती आजही तशीच आहेत. लोक नव्या किटची किंमत बघून सुरुवातच करत नाहीत म्हणून आधी हे ऐका, नियमानं बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब (म्हणजे काठ्या) चालतात पण कमीत कमी किती पाहिजेत असा नियमच नाही. एक हायब्रिड (लांबच्या फटक्याला), ५, ७ आणि ९ नंबरचं आयर्न (मधल्या अंतराला), पिचिंग वेज (जवळून उंच उडवायला), सँड वेज (वाळूतून काढायला) आणि पटर, एवढ्यावर पहिलं वर्ष आरामात निघतं. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, नसला तरी काही बिघडत नाही, उलट नवशिक्याचे बॉल सगळ्यात जास्त तोच हरवतो.

आता जुनी किट बघायची कशी. चकाकी बघू नका, आयर्नवर ओरखडे असणारच, ती जमिनीत मारायचीच वस्तू आहे. आधी ग्रिप धरून बघा. रबर कडक होऊन गुळगुळीत चमकायला लागलं असेल तर हात घसरतो, मग आपण नकळत मूठ आवळतो आणि सगळा स्विंग बोंबलतो. पण ग्रिप बदलता येते, दोन्ही बाजूनं चिकटणारी टेप आणि थोडं टर्पेंटाइन एवढ्यात काम होतं, त्यामुळं ग्रिप खराब आहे म्हणून डील सोडू नका, तेवढ्यावरून भाव पाडा. मग शाफ्ट, म्हणजे क्लबची दांडी. स्टीलचा असेल तर गंज आणि खड्डे बघा, ग्रॅफाइटचा असेल तर नख फिरवून चीर लागते का बघा. आणि क्लब कानाजवळ धरून हलवा, डोकं जिथं शाफ्टला चिकटवलेलं असतं तिथून खुळखुळ आवाज आला तर राहू द्या, आतला गोंद सुटत आला असेल तर एखाद दिवस फटका मारताना डोकं बॉलच्या पुढं जाईल. आपल्या सोलापूरकरांसाठी खास सूचना, उन्हाळ्यात किट गाडीच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात बाहेरच चाळीसच्या वर असतं, बंद डिकीत काय होत असेल विचार करा, त्या उष्णतेनं हाच गोंद मऊ पडतो आणि ग्रिप वाळते.

शाफ्टवर आर किंवा एस अक्षर असतं, रेग्युलर आणि स्टिफ, म्हणजे जास्त कडक. काका लोक जोरात मारणारे असले तर किट स्टिफ निघते, नवशिक्यानं शक्यतो आर बघावी. आयर्नच्या डोक्याची मागची बाजू सपाट आणि पातळ दिसली तर ती ब्लेड, दिसायला एकदम देखणी पण बॉल मधोमध लागला नाही की हातात झिणझिण्या. मागून पोकळ आणि कडेनं जाड असते ती कॅव्हिटी बॅक, ती चुका सांभाळून घेते, कारण वजन कडेला वाटलेलं असतं. हे काही आजकालचं नाही, पिंग कंपनीचं आय टू आयर्न १९८२ मधे आलं आणि त्यातली कल्पना आजही नवशिक्यांच्या सेटमधे तीच आहे. म्हणजे वीस वर्षं जुनं कॅव्हिटी बॅक आयर्न तुमच्यासाठी जुनं नाहीच. ड्रायव्हरचं तसं नाही, जुन्यांची डोकी लहान असतात. आता डोक्याच्या आकाराची नियमातली कमाल मर्यादा ४६० सीसी आहे आणि बहुतेक ड्रायव्हर तेवढ्याच्या आसपास असतात, घ्यायचाच तर तसा मोठ्या डोक्याचा घ्या. आणि मोठ्या ब्रँडची कोरी करकरीत किट कुणी निम्म्याहून कमी भावात देत असेल तर ती बनावट असू शकते, ब्रँडेड क्लबच्या नकला बाजारात ढिगानं आहेत. मी तर म्हणतो नकली नव्यापेक्षा अस्सल जुनं कधीही बरं.

घरच्या सरावाचं विचारत असाल तर गच्चीवर दोरीला चादर लावलीय. आपलीच जाड सोलापुरी, मोराची. वरून बांधायची आणि खालून सैल सोडायची, ताणून बांधली तर बॉल परत अंगावर येतो, सैल असली की मोराच्या पिसाऱ्यात धप्प करून पडतो. खाली काथ्याचं पायपुसणं, त्यावर स्पंजचा बॉल. खरा बॉल गच्चीवर अजिबात नाही हां, ४५ ग्रॅमचा तो टणक गोळा शेजारच्या सोलरवर गेला तर किटच्या किमतीइतकं बिल येईल. पहिल्यांदा शेजारच्या पोरानं बघितलं तेव्हा जिन्यातूनच ओरडला, ‘काय करलालास बे, चादरीला का मारलालास?’ आणि खाली जाऊन सगळ्या गल्लीला सांगून आला. पटिंगसाठी हॉलमधे सतरंजी आणि आडवा ठेवलेला स्टीलचा पेला. आई म्हणते पेला चेपला तर तूच त्यात पाणी प्यायचं.

खेळायला पुण्याला जातो, सकाळची हुतात्मा एक्सप्रेस, संध्याकाळी त्याच गाडीनं परत. बॅग घेऊन गाडीत चढणं ही लाजेची पहिली परीक्षा. एकदा कुर्डुवाडीला एक माळकरी आजोबा शेजारी येऊन बसले, बॅगेवर हात ठेवला आणि विचारलं, ‘माउली, आत वीणा हाय का?’ मी नाही म्हटलं, खेळायच्या काठ्या आहेत. तर म्हणाले, ‘मग नीट धरा की, पडंल.’ बस, एवढंच. डब्यातल्या कुणालाच त्या बॅगेचं काही पडलेलं नव्हतं.

कोर्सवर पण थोडंफार असंच असतं. तिथं लोक वैतागतात ते खेळ रेंगाळला की, किटमुळं नाही. मागचा ग्रुप कमरेवर हात ठेवून उभा राहिला म्हणजे समजायचं की आपण वेळ खातोय. म्हणून काही गोष्टी आधीच पाठ करा. हरवलेला बॉल शोधायला २०१९ पासून फक्त ३ मिनिटं मिळतात, त्यानंतर तो हरवला असंच धरायचं. फटका मारायला ४० सेकंदांपेक्षा जास्त घेऊ नये अशी त्याच नियमांत शिफारस आहे. मित्रांबरोबर साधा खेळ चालू असेल आणि एकाच होलवर फटके वाढतच चालले तर सरळ बॉल उचला आणि पुढं चला, कुणी काही म्हणत नाही, उलट मागचे मनातून आशीर्वाद देतात. बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) निघताना वाळूवर दाताळं फिरवा, उडालेला गवताचा तुकडा परत बसवा, बॉल कुणाच्या दिशेनं गेला तर लाज सोडून मोठ्यानं ‘फोर’ ओरडा. एवढं करणारा माणूस जुन्या बॅगेचा असला तरी लोक पुन्हा बोलावतात. आणि नव्या कोऱ्या किटवाला दर होलला झाडीत दहा मिनिटं फिरत असेल तर त्याला पुढच्या वेळी कुणी फोन करत नाही, हे मी बघितलंय.

पहिल्या टीवर, म्हणजे जिथून पहिला फटका मारायचा तिथं, सगळे बघतात हे मात्र खरंय, तिथं पोटात गोळा येतोच. त्यावर माझा उपाय म्हणजे ड्रायव्हर काढायचाच नाही, ७ नंबर घ्यायचा आणि सरळ शंभर यार्ड ढकलायचा. शक्य असेल तर दुपारची, कमी गर्दीची वेळ मागा. कॅडी, म्हणजे बॅग उचलून सोबत चालणारा माणूस, मिळाला तर त्याला आधीच सांगा की नवीन आहे. माझ्या पहिल्या कॅडीनं माझं ७ नंबर बाहेर काढलं, उलटं करून तळ बघितला, अंगठ्यानं खाचांतली माती काढली आणि म्हणाला, ‘साहेब, हे विकू नका, ग्रिप तेवढी बदला.’ त्या माणसांना क्लब कळतात. १९९१ ला इंडियन ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय अली शेर हा दिल्लीत कॅडीच होता, आणि पुढं ती स्पर्धा दोनदा जिंकलेला एसएसपी चौरसिया कोलकात्यातल्या कोर्सवर गवत सांभाळणाऱ्याचा मुलगा. म्हणजे ज्यांच्याकडं स्वतःची धड किट नव्हती असे लोक या खेळात वरपर्यंत गेलेत, आपल्याला तर फक्त रविवार घालवायचाय.

स्कोअरचं पण तेच. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत आहे (हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत) आणि त्यात ५४ पर्यंत हँडिकॅप मिळतो, म्हणजे ढोबळमानानं १८ होलला प्रत्येकी ३ जादा फटके. एवढी सवलत नवीन माणसासाठीच ठेवलीय, ती घ्यायला कसला संकोच.

जाण्याआधी फोन करून कपड्यांचं विचारा, बऱ्याच ठिकाणी कॉलरचा टीशर्ट लागतो आणि जीन्स चालत नाही. पाहुणा म्हणून खेळायला किती लागतात आणि कॅडीचा दर काय हेही तेव्हाच, तिथं काउंटरवर उभं राहून खिसा चाचपण्यापेक्षा फोनवर विचारलेलं बरं. नवीन घ्यायचंच असेल तर ग्लोव्ह घ्या, दुसऱ्याच्या हाताच्या मापाचा ग्लोव्ह काही कामाचा नाही. बॉल मात्र तळ्यातून काढून धुऊन विकतात तेच घ्या, कारण ते परत तळ्यातच जाणार आहेत. टॉवेलचं मी सांगायची गरज नाही, सोलापुरात राहून बाहेरचा टॉवेल विकत घेऊन बॅगेला लावला तर कारखान्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

आणि पैसे बुडतील ही भीती असेल तर, जुन्या किटचा भाव जेवढा पडायचा तेवढा आधीच पडलेला असतो, नीट ठेवली तर घेतली त्याच्या आसपास परत विकली जाते. काकांच्या सेटबरोबर आलेला लहान डोक्याचा ड्रायव्हर मी असाच विजापूर रोडच्या एका कॉलेजच्या पोराला दिला. पोरगं हुशार निघालं, कानाजवळ धरून हलवून बघितला, ग्रिप वाळलीय म्हणून दोनशे कमी करायला लावले आणि वर एक टॉवेल फुकट मागून घेतला.